वाचकांचे प्रश्न : पालवा बंदरावरचे ताजमहाल हॉटेल

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच वास्तूविषयी आहेत, म्हणून या वेळचे सदर आम्ही तिलाच दिले आहे. जुने कोळी ज्याला पालवा बंदर म्हणत आणि साहेबाच्या जिभेवर ज्याचे अपोलो बंदर झाले, त्या धक्क्यासमोर उभे असलेले ताजमहाल हॉटेल हा या पत्रांचा विषय आहे.

प्रश्न : मांडव्याहून लाँचने येताना मी नातवाला ताजमहाल हॉटेल दाखवत होतो. शेजारच्या एका गृहस्थांनी त्याला सांगितले की, हे हॉटेल उलटे बांधले गेले आहे. त्याचा शिल्पकार विलायतेला गेला असताना इथल्या लोकांनी नकाशा उलटा धरला, आणि परतल्यावर ती चूक पाहून त्याने वरच्या मजल्यावरून उडी घेतली. मीही लहानपणी हेच ऐकले होते. यात तथ्य किती? (एक निवृत्त शिक्षक, अलिबाग)

उत्तर : ही कथा मुंबईत इतकी मुरली आहे की, ती सांगणाऱ्या गृहस्थांना दोष देता येणार नाही, परंतु ती खरी नाही. तिच्यातला एकच धागा खरा आहे. लाँचवरून आपल्याला जी बाजू दिसते, ती मूळच्या आराखड्यात हॉटेलची मागची बाजू होती. दर्शनी बाजू पश्चिमेला, म्हणजे शहराकडे होती, आणि ती चुकून नव्हे, तर जाणूनबुजून तशी ठेवलेली होती. इमारतीचे दोन बाहू शहराच्या दिशेने पुढे आलेले आहेत आणि त्यांच्यामध्ये अंगणासारखी मोकळी जागा आहे. आज तिथे पोहण्याचा तलाव आहे. पूर्वी पाहुण्यांच्या घोडागाड्या शहरातून येऊन त्याच बाजूला थांबत. गेटवेभोवतीचे आजचे प्रशस्त आवार त्या वेळी अस्तित्वातच नव्हते. ते 1915 ते 1919 या काळात समुद्रात भराव घालून तयार झाले. ज्या बाजूला पाणी होते त्या बाजूला वाहनांसाठी मुख्य दरवाजा ठेवण्याचे कारण 1903 साली कोणालाही दिसले नसते.

वाऱ्याचा विचार केला तरी ही रचना सयुक्तिक वाटते. तुम्ही अलिबागचे असल्यामुळे हे तुम्हाला अधिक लवकर पटेल. मुंबईचे बंदर बेटाच्या पूर्वेला आहे, आणि दुपारी सुटणारा खारा वारा मात्र पश्चिमेकडून, खुल्या अरबी समुद्रावरून येतो. पश्चिमेला उघडणारे हे दोन बाहू तो वारा ओंजळीत घ्यावा तसा आत घेतात. विजेचे पंखे ही तेव्हा नवलाची वस्तू होती, त्यामुळे वाऱ्याचा असा हिशेब करणे हे वास्तुरचनाकाराचे पहिले कर्तव्य होते. बंदराच्या बाजूला राहिल्या त्या खोल्या आणि त्यांच्या खिडक्यांतून दिसणारे पाणी. पाहुण्याला झोपेतून उठल्यावर समुद्र दिसावा आणि गाडीतून उतरताना रस्ता सापडावा, इतकी सरळ ही मांडणी आहे. पुढे आवार झाले, धक्क्याकडची वर्दळ वाढली, जुने प्रवेशद्वार बंद होऊन येजा बंदराच्या बाजूने होऊ लागली, आणि मग दार एकीकडे व अंगण दुसरीकडे पाहणाऱ्यांना ते कोडे वाटू लागले. दंतकथेला जागा मिळाली ती तिथे.

आता त्या शिल्पकाराविषयी. या कथेने केलेले मोठे नुकसान मला वाटते ते हे की, तिने एका निनावी, उडी घेणाऱ्या साहेबाला नायक केले आणि ज्यांनी ही वास्तू खरोखर कागदावर उतरवली त्यांची नावे पुसली. ताजमहाल हॉटेलचे मूळ वास्तुरचनाकार होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, आणि त्यांच्याबरोबर होते डी. एन. मिर्झा. काम चालू असतानाच वैद्य निवर्तले आणि ते डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने पूर्णत्वास नेले. बांधकामाचे कंत्राट खानसाहेब सोराबजी रतनजी कंत्राटदार यांच्याकडे होते, आणि आत शिरल्यावर मान वर करून पाहावा असा जो मधला जिना आहे, आधाराशिवाय अधांतरी तोललेला वाटणारा, त्याचा आराखडाही सोराबजींचाच. एक मराठी माणूस, एक मिर्झा, एक पारशी कंत्राटदार आणि एक इंग्रज अभियंता, अशा चौघांच्या हातून हे काम झाले आहे. नातवाला पुढच्या वेळी लाँचवर गोष्ट सांगायची असेल, तर कृपया ही सांगावी. ती खरी आहे आणि तिच्यात कोणालाही उडी मारावी लागत नाही.

जमशेटजी टाटा यांनी ही जागा 1898 साली घेतली. दोन वर्षांपूर्वी, 1896 मध्ये, मुंबईतल्याच मांडवी भागापासून प्लेग पसरला होता आणि मुंबई रिकामी होऊ लागली होती. अशा शहरात एवढे मोठे हॉटेल बांधायला निघालेल्या भावाला त्यांच्या बहिणीने विचारल्याचे सांगतात की, विज्ञानसंस्था, लोखंडाचा कारखाना आणि पाण्यापासून वीज ही कामे हाती असताना आता तू भटारखानाही काढणार का? हॉटेल 16 डिसेंबर 1903 रोजी उघडले. पाच महिन्यांनी, 19 मे 1904 रोजी, जमशेटजी जर्मनीत वारले. त्यांच्या तीन मोठ्या स्वप्नांपैकी एकही त्यांना पुरे झालेले पाहता आले नाही. पाहायला मिळाला तो हा भटारखानाच.

आणखी एक गोष्ट तुमच्यासारख्या समुद्रावरून येणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. लाँचवरून गेटवे पुढे आणि हॉटेल मागे दिसते, म्हणून गेटवे जुना असावा असे वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. पंचम जॉर्ज 1911 च्या डिसेंबरात इथे उतरला तेव्हा हॉटेल आठ वर्षांचे होते आणि आजचा गेटवे नव्हता. त्याची पायाभरणी 1913 मध्ये झाली आणि उद्घाटन 4 डिसेंबर 1924 रोजी. त्याआधीची वीस वर्षे बोटीतून येणाऱ्याला मुंबईची पहिली ओळख पटत होती ती वैद्यांच्या घुमटावरून.

प्रश्न : मार्क ट्वेन मुंबईत आले तेव्हा ताजमध्ये उतरले होते, असे आमच्या महाविद्यालयातील एका व्याख्यानात सांगण्यात आले. तसेच जमशेटजींना वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला गेला म्हणून त्यांनी ताज बांधले, असेही सांगितले गेले. हे बरोबर आहे का? (एक विद्यार्थिनी, ठाणे)

उत्तर : पहिले विधान तारखांनीच खोडले जाते. मार्क ट्वेन मुंबईत आले ते 1896 च्या जानेवारीत, म्हणजे ताजमहाल हॉटेल उघडण्याच्या जवळजवळ आठ वर्षे आधी. ते उतरले होते काळा घोडा भागातल्या वॉटसन हॉटेलात. या प्रवासावरचे त्यांचे पुस्तक 1897 मध्ये निघाले आणि त्यात त्यांनी मुंबईच्या कावळ्यांचे केलेले वर्णन आजही प्रत्येक मुंबईकराला आपल्या गॅलरीतले वाटावे असे आहे. कठड्यावर बसून आतल्या माणसाच्या कपड्यांविषयी आणि वागणुकीविषयी आपसांत चर्चा करणारे ते कावळे वॉटसनचे आहेत, ताजचे नव्हेत.

दुसरी गोष्ट पुष्कळ ठिकाणी छापली गेली आहे आणि ती ऐकायला समाधान देणारी आहे, कारण तिच्यात अपमानाला बांधकामाने उत्तर दिले जाते. त्या काळच्या मुंबईत गोऱ्यांपुरती राखलेली ठिकाणे होती, हेही खरेच. परंतु या विशिष्ट प्रसंगाला समकालीन पुराव्याचा आधार नाही, आणि जमशेटजींच्या हेतूचा उलगडा करायला त्याची गरजही नाही. ज्या माणसाला आपले शहर जगातल्या मोठ्या बंदरांच्या तोडीचे व्हावे असे मनापासून वाटत होते आणि जो परदेशच्या प्रत्येक प्रवासात नव्या यंत्रांची चौकशी करत होता, त्याला चांगल्या हॉटेलची उणीव कोणी दारात अडवल्याशिवायही जाणवली असती.

वॉटसनविषयी मात्र दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात. त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात तयार होऊन जहाजाने इथे आला आणि 1867 ते 1869 या काळात उभा राहिला. ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच हॉटेलात, 7 जुलै 1896 रोजी, एक रुपया तिकिटाने. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावे दादा, यांनी हे खेळ पाहिले, पुढे विलायतेहून कॅमेरा मागवला, 1899 मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली आणि 1901 मध्ये रँग्लर परांजपे मायदेशी परतले तो प्रसंगही टिपला. तुमच्या महाविद्यालयातून सहल निघाली तर ताजबरोबर हीही इमारत बाहेरून पाहावी. आज तिला एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात आणि तिची अवस्था पाहवत नाही.

प्रश्न : ताजवरचा कोणताही लेख उघडला की राजे, अध्यक्ष आणि नटनट्यांची यादी असते. मला त्यात रस नाही. या हॉटेलाचा साहित्याशी आणि कलेशी खरा संबंध काय, आणि त्यात आपले, म्हणजे मराठी, काही आहे का? (एक वाचक, दादर)

उत्तर : तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण पाहुण्यांची यादी ही हॉटेलची नोंदवही असते, त्याचा इतिहास नव्हे. एखादा लेखक दोन रात्री झोपून गेला एवढ्याने वास्तूला साहित्यिक म्हणता येत नाही. तिथे काही लिहिले गेले, वाजवले गेले, भिंतीवर चढले, किंवा तिथून बाहेर पडून शहरात मिसळले, तर तो संबंध धरावा.

साहित्याच्या बाजूने पहिले नाव सरोजिनी नायडू यांचे घ्यावे लागेल. मुंबईतल्या वास्तव्यात त्या वर्षानुवर्षे ताजमध्ये राहत, आणि त्यांची तिथली खोली हा कवींचा, राजकारण्यांचा आणि तरुण कार्यकर्त्यांचा अड्डाच होता. 1925 च्या अखेरीस कानपूर काँग्रेसच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, त्या सुमारास अल्डस हक्सले हे इंग्रज लेखक मुंबईत आले होते. नायडूंची भेट झाल्याचा आनंद त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात नमूद केला आहे. मुंबईच्या इमारतींची मात्र त्यांनी गय केली नाही. ताजमध्ये त्यांना लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाची आणि एखाद्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातल्या भारतीय मंडपाची सरमिसळ दिसली. हा अभिप्राय मला अन्यायाचा वाटतो. घुमट, कमानी, सज्जे आणि कोपऱ्यांवरचे मनोरे वेगवेगळ्या देशांतून आलेले आहेत हे खरेच, पण बंदर असलेल्या शहराची वास्तू दुसरी कशी असणार? मुंबईची मराठी भाषाही अशीच नाना धक्क्यांवरून आलेल्या शब्दांनी बनलेली आहे, आणि तिला आपण सरमिसळ म्हणून कमी लेखत नाही. पुढे 1940 मध्ये लुई ब्रॉमफील्ड या अमेरिकन कादंबरीकाराने मुंबईतल्या एका रात्रीचे नाव दिलेली कादंबरी लिहिली, तिचे घटनास्थळ हेच हॉटेल आहे.

तथापि माझ्या मते ताजचे सर्वांत सखोल योगदान साहित्यात नसून संगीतात आहे, आणि तुमच्या प्रश्नातले ‘आपले’ मला तिथे सापडते. 1935 साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा जाझचा ताफा ताजच्या नृत्यगृहात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. ज्या देशात त्यांना आपल्या वर्णामुळे मागल्या दाराने ये म्हणत, त्या देशाबाहेर ते इथे भरजरी सभागृहात वाजवत होते. त्यांना ऐकून, त्यांच्या शेजारी बसून गोव्याचे तरुण वादक तयार झाले. या मुलांना पोर्तुगीज अमलातल्या गावोगावच्या चर्चशाळांमधून पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवलेली असे; जाझने त्यांना त्या लिपीपलीकडे, उत्स्फूर्तपणे वाजवायला शिकवले. 1939 पासून सुमारे दोन दशके ताजचा वाद्यवृंद मिकी कोरिया या गोवेकराच्या हाताखाली होता. बार्देशातल्या हळदोण्याचा आंतोनियो शावियर वाझ, ज्याला सगळी मुंबई चिक चॉकलेट या नावाने ओळखत होती, आपला ट्रम्पेट घेऊन याच नृत्यगृहात वाजवत असे.

आता पुढचा दुवा पाहावा. चित्रपटांच्या संगीतकारांना चाल सुचे, पण वीसतीस वादकांसाठी ती लिहून काढणारे लोक हवे असत, आणि ते काम गोव्याचे वादक करू शकत होते. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी चिक चॉकलेटला आपला साहाय्यक केले. त्या जोडीतून 1951 मध्ये ‘अलबेला’ची गाणी जन्मली, आणि त्या गाण्यांवर पडद्यावर नाचला तो भगवान आबाजी पालव, एका गिरणी कामगाराचा मुलगा. चिक चॉकलेट आणि त्याचा ताफा त्या चित्रपटात प्रत्यक्ष दिसतोही. याच सुमारास मुंबईत दारूबंदी कडक झाली, नृत्यगृहांची रया गेली, आणि अनेक वादकांनी पोटासाठी ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंची वाट धरली. आजही लालबागच्या किंवा गिरगावच्या विसर्जन मिरवणुकीत एखादा माणूस कमरेत किंचित झुकून, खांदे हलवत भगवानदादांच्या चालीवर पावले टाकतो, तेव्हा त्या ठेक्यात अमेरिकेतला जाझ, हळदोण्याची चर्चशाळा, ताजचे नृत्यगृह आणि पुणतांब्याचा संगीतकार असे चौघेही असतात. ज्या सभागृहात गिरणी कामगाराला पाय ठेवता आला नसता, तिथला ठेका त्याच्या मुलाने असा रस्त्यावर आणला, ही गोष्ट मला कोणत्याही सम्राटाच्या मुक्कामापेक्षा मोलाची वाटते.

चित्रकलेविषयी थोडक्यात सांगतो. 1947 साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह गट स्थापन केला, तेव्हा या मंडळींची चित्रे घ्यायला फारसे कोणी तयार नव्हते. नंतरच्या दशकांत ताजने समकालीन चित्रकारांची चित्रे विकत घेऊन दालनांत आणि मार्गिकांत लावली, आणि तिथे एक कलादालनही चालवले. हुसेन, रझा, राम कुमार आणि आपले वासुदेव गायतोंडे अशी नावे त्या संग्रहात आहेत. गायतोंडे नागपुरात जन्मलेले, गिरगावात वाढलेले आणि जे. जे.मध्ये शिकलेले. काळा घोड्यापासून ताजपर्यंतच्या दहाबारा मिनिटांच्या चालीत जहांगीर कलादालन, जुने संग्रहालय आणि हे हॉटेल, अशी आधुनिक भारतीय चित्रकलेची सारी पेठ सामावलेली होती. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात आगीने, धुराने आणि विझवण्याच्या पाण्याने त्या संग्रहाची हानी झाली, आणि पुष्कळ चित्रे जाणकारांच्या हातून पुन्हा दुरुस्त करावी लागली. त्या हल्ल्यात या हॉटेलात 31 माणसे गेली. त्यांची नावे आत लिहिलेली आहेत, आणि चित्रांआधी ती वाचावीत असे मला वाटते. जुनी इमारत 15 ऑगस्ट 2010 रोजी पुन्हा सुरू झाली.

प्रश्न : माझ्या आईचे वय पंचाहत्तर आहे. ती आयुष्यभर गिरगावात राहिली, असंख्य वेळा गेटवेला गेली, पण ताजच्या आत कधी गेली नाही. ‘ते आपल्यासाठी नाही’ असे ती म्हणते. तिथे मुक्काम न करता आत जाता येते का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : अवश्य जाता येते. तिथली उपाहारगृहे मुक्कामाला नसलेल्यांनाही खुली आहेत. दाराशी सुरक्षा तपासणी होते, तेवढी मनाची तयारी ठेवावी. आईंसाठी मी पहिल्या मजल्यावरचे सी लाउंज सुचवेन. तिथल्या खिडकीशी बसून चहा घेताना बंदर, गेटवे आणि धक्क्याला लागणाऱ्या लाँच दिसतात. कित्येक पारशी आणि गुजराती कुटुंबांनी मुलगी पाहण्याचे कार्यक्रम याच टेबलांवर केलेले आहेत, त्यामुळे आपल्या कांदेपोह्यांची सवय असलेल्या कोणालाही तिथे परके वाटू नये. चहाचा खर्च मात्र गिरगावच्या हिशेबाने पुष्कळ आहे. आधी दूरध्वनी करून दर आणि वेळ विचारून घ्यावी आणि खिडकीजवळची जागा सांगून ठेवावी. कपड्यांची काळजी करू नये, आईंची नेहमीची सुती साडी तिथे शोभेल.

‘ते आपल्यासाठी नाही’ या त्यांच्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. माझी आईही गेटवेवर भेळ खाताना हेच म्हणत असे, आणि मी तिला वेळेवर आत नेले नाही, याची रुखरुख मला आहे. तुमच्या आईंना जाण्यापूर्वी एवढेच सांगावे की, त्या घराचा नकाशा वैद्य नावाच्या माणसाने काढला होता. वर जाताना त्यांना लिफ्टने न्यावे. परतताना गुडघे साथ देत असतील तर सोराबजींच्या जिन्याने, कठड्याला धरून, सावकाश उतरावे. जिन्याच्या पायथ्याशी जमशेटजींचा अर्धपुतळा आहे, तिथे क्षणभर थांबता येईल.